मोखाड्याकडची मोकळी जमीन

मुक्काम जव्हार,
चैत्र वद्य ५, शके १८३४

तीर्थस्वरूप अण्णांचे चरणी दिगंबरचा नमस्कार.

ठाण्याची नोकरी सोडल्याचे आपले पत्र पोचले. अक्षयतृतीयेनंतर वहिनी व मुलांना घेऊन निघणार, हेही कळले. माझी प्रकृती बरी आहे.

जमिनीविषयी पुन्हा विचारलेत. ती मी लिहिली तशीच आहे. उतारावर नाचणी-वरई होते, खाली भाताची दोन खाचरे आहेत. झरा उन्हाळ्यातही आटत नाही. मिठाखेरीज बाजारातून काही आणावे लागू नये, असे आपल्या मनात होते. तिथे ते साधेल. रानातले कडू कंदसुद्धा उकडून वाहत्या पाण्यात ठेवले की खाता येतात.

हे मला कोंडीने शिकवले. कोंडी कोण, हे मी आजवर लिहिले नाही.

मार्गशीर्षात जमीन शोधत फिरताना त्या माळावर मी हिवतापाने पडलो. नवसू नावाच्या वारली माणसाने मला पाठीवर घालून घरी नेले. कोंडी त्याची बायको. सतरा दिवस तिने मला पेज पाजली. ते घर मी आपल्यासाठी निवडलेल्या याच जमिनीवर होते, अण्णा. खाचरे नवसूच्या आज्याने बांधलेली.

आपण विचारले होते, जमीन मोकळी आहे ना? मी लिहिले, मोकळी आहे. दोनदा मॅट्रिक नापास झालेल्या मला आपण उलट टपाली 'शाबास' लिहिलेत. आयुष्यात पहिल्यांदा. तेवढ्यासाठी मी गप्प राहिलो.

माघात जमीन आपल्या नावे करण्यासाठी मोजणीचा कारकून आला. त्याने मला विचारले, "ही झोपडी कुणाची?"

मी म्हणालो, "हंगामी माणसं आहेत. जातील."

नवसू शेजारीच उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने छप्पर उतरवले. कोंडी डोक्यावर जाते घेऊन पुढे निघाली. मी आडोशाला उभा राहून पाहत होतो.

गेल्या आठवड्यात कचेरीत लेखी दिले, की मी खोटे सांगितले. कारकून म्हणाला, "ज्याची वहिवाट, त्यानं येऊन सांगावं. मग बघू."

नवसूला शोधत मोखाड्यापलीकडे गेलो. एका खडकाळ कडेला त्यांनी काटक्यांच्या कुडाची झोपडी उभी केली आहे. पाणी कोसभर खाली. मी हात जोडून म्हणालो, "जव्हारला चल. जमीन परत मिळेल."

तो म्हणाला, "तुझे कागदात आम्ही नव्हतो. आता दुसरा कागद कशाला? तुझा कागद तुलाच ठेव."

कोंडीने माझ्याकडे पाठ केली. नवऱ्याला विचारले, "हा आता ही पण जागा बघाया आलाय काय?"

मी तसाच परत फिरलो.

येऊ नका, असे सांगण्याचा अधिकार मी गमावला आहे. पण जमीन दाखवायला मी थांबणार नाही. उद्या जव्हार सोडतो. घरासाठी सपाट जागा शोधाल, तेव्हा कोंडीची चूल लागेल. ती आपल्या हातांनी उकरा. मजुराला सांगू नका.

आपला भाऊ म्हणवून घेण्याची लाज वाटते. दोष आपला नाही, माझाच.

दिगंबर