फितीबाहेरची सहा पावलं

उस्ताद, गेल्या महिन्यात मी तुमच्या घरी जाऊन आलो. वेळापूरच्या पुढच्या फाट्यावर एसटीतून उतरलो आणि तुम्ही सांगायचा तसाच कॅनॉलच्या कडेनं चालत गेलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या दारात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. परत आल्यापासून जेवताना, गाडी चालवताना, कामावर उभा असताना एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. बायकोला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

मी आता जुळे सोलापुरात असतो. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी आहे. सोसायटीत सगळे मला फौजी काका म्हणतात. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की माझ्या हातात माइक येतो. फौज म्हणजे नुसता गोळीबार असं लोकांना वाटतं, म्हणून मी आधी आपल्या इंजिनिअर रेजिमेंटचं सांगतो. पायदळाला पाणी ओलांडायचं असलं की पूल आपण टाकायचा, रस्ता संपतो तिथून पुढचा आपण करायचा, पूर आला की होड्या घेऊन आपण जायचं. सीमेवर तणाव वाढला की शत्रूच्या वाटेत सुरुंग पुरायचे आपणच, आणि तणाव निवळला की तेच सुरुंग एकेक करून हातानं काढायचेही आपणच. एवढं झालं की मागून कुणीतरी ओरडतं, "काका, ती वाळवंटातली गोष्ट सांगा की!" मग मी सांगतो. वारा सुटला होता, सुरक्षित वाटेची पांढरी फीत खुंटीवरून निसटून भलतीकडे गेली, मी तिच्या भरवशावर चालत सुरुंगांत शिरलो आणि माझे उस्ताद पोटावर सरपटत मला काढायला आले. बायका डोळे पुसतात. मी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की ती फीत फडफडताना मला आता खरंच दिसते. ती फडफडली नव्हती, उस्ताद. ती जागेवर होती.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटला ते ट्रेनिंगच्या मैदानावर. सुरुंग चाचपायची सळई जमिनीत तिरकी घालायची, सरळ खुपसायची नाही, हे तुम्ही तीनदा सांगितलं होतं आणि मी चौथ्यांदा सरळ खुपसली. तुम्ही माझ्या मनगटावर छडी मारलीत आणि हिंदीत शिव्या देता देता मध्येच थांबलात. "कुठला रं तू?" मोडनिंबचा म्हटल्यावर तुम्ही आणखी एक छडी मारली. "आपल्याकडचा हाईस आन आसलं काम करतुयास व्हय?" त्या संध्याकाळी मेसमध्ये तुम्ही माझ्या भाकरीवर शेंगाचटणी ठेवलीत. डब्यातला चमचा तुम्ही दुसऱ्या कुणाच्या हातात देत नव्हता. सुरुंग उडवायच्या कामात तुमचा डावा कान कधीचा गेला होता, त्यामुळे तुम्ही साधं बोललात तरी सगळी बराक ऐकायची.

सुरुंग काढायच्या त्या मोहिमेवर आपण दोघं एकाच तुकडीत होतो. चार महिने रोज तेच काम. सकाळी गाडीतून उतरायचं, फितींमधल्या अरुंद वाटेनं आत जायचं, पालथं पडून वितावितानं जमीन चाचपायची आणि त्याच वाटेनं बाहेर यायचं. पाणी प्यायलासुद्धा त्याच वाटेनं. पुढं तोच, मागं तोच, वर ऊन. बायकोला नववा महिना लागलेला, रजेचा अर्ज दोनदा परत आलेला. मला सगळ्या बाजूंनी दार लावून घेतल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी दुपारी लांबून टपालाची गाडी येताना दिसली. आपली वाट तिथं काटकोनात वळत होती. गाडी समोर होती आणि वाट उगीचच डावीकडून फिरवून नेत होती. मी फीत ओलांडली. कोपरा कापायचा, बस, एवढंच. सहा पावलं टाकली आणि तुमचा आवाज आला.

"थांब! हलू नगंस!"

मी थांबलो. सिनेमात दाखवतात तसं सुरुंगावर पाय ठेवून माणूस उभा राहू शकत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पाय पडला की संपलं. म्हणजे माझ्या पायाखाली काही नव्हतं. पण पुढं काय आहे ते ठाऊक नव्हतं, आणि जमीन इतकी टणक की माझीच पावलं उमटली नव्हती, त्यामुळे मागंही जाता येईना. दोन बुटांएवढी जमीन माझी होती. कॅप्टनसाहेब यंत्र मागवतो म्हणाले. तुम्ही म्हणालात, हे सुरुंग प्लॅस्टिकचे, यंत्राला सापडत नाहीत, मी जातो. आणि तुम्ही पालथे पडलात.

मी उभा आहे. ऊन डोक्यावरून पाठीवर येतं. तुम्ही खालून ओरडताय, "बसू नगंस. पडू तर आजाबात नगंस. मोडनिंबला यस्टी स्टँडवर च्या कुटं चांगला मिळतो, सांग." मी सांगतो. तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही परत विचारता. मी ओरडून सांगतो. माझी पँट ओली होते, तुम्ही ते बघता आणि म्हणता, "हुं दे, वाळंल." मग सळईला काहीतरी लागतं आणि तुम्ही बोटांनी माती बाजूला करायला लागता. वाटेत तुम्हाला दोन सुरुंग सापडले. दुसरा माझ्या डाव्या टाचेपासून वीतभर होता. तो मोकळा करताना तुमचा गाल जमिनीला टेकलेला, डावा कान वर. तेव्हा मी म्हणालो, "उस्ताद, मी मुद्दाम बाहेर आलो." हळू म्हणालो. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की मी तर सांगितलं होतं. कोणत्या कानाशी सांगितलं, तेही मला ठाऊक होतं.

दिवस कलला तेव्हा तुम्ही माझा घोटा धरलात आणि मला तुम्ही चाचपून मोकळ्या केलेल्या पट्टीवरून मागं नेलं. गाडीशी पोचल्यावर तुम्ही आधी ओकलात, मग पाणी प्यायलात. मला त्या दिवशी पत्र नव्हतंच. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, बाहेर कसा गेलास? मी म्हणालो, फीत सरकली होती. तोवर तिथं इतकी माणसं येऊन गेली होती की कोपऱ्यावरची खुंटी कुणाच्या तरी बुटानं खरंच कलंडली होती. चौकशीत तुम्ही उभे राहून सांगितलंत, "फीत मी बांधली होती साहेब. गाठ माझी." तुमच्या कागदांवर लाल शेरा पडला. नायब सुभेदारीच्या बढतीच्या यादीत नाव होतं, ते गेलं. तुम्ही हवालदार म्हणूनच घरी आलात. मी मात्र समजून चाललो, की तुम्हाला खरं ठाऊक आहे, तुम्ही मला पाठीशी घातलंत. तुम्ही तसे होतात. या एका समजुतीवर मी नोकरी पुरी केली, मुलगी वाढवली. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी रजेवर मोडनिंबलाच होतो, दीड-दोन तासांवर. आलो नाही.

आता गेलो तेव्हा काकूंनी मला नावावरून लगेच ओळखलं. "तुमीच व्हय ते? बसा, बसा." चहा टाकला. शेळ्या दावणीला होत्या. मी म्हणालो, उस्तादांनी माझा जीव वाचवला. त्या म्हणाल्या, "त्यांचं तसं न्हवतं. ते म्हनायचे, माज्या गाठीनं पोरगं मेलं आसतं." तुम्ही शेळ्यांची दावी रोज दोन-दोनदा सोडून परत बांधायचा, त्यांनी सांगितलं. पाळण्याची दोरी, बैलांचे कासरे, नातवंडांच्या बुटाच्या नाड्यासुद्धा. शेवटी दवाखान्यात सलाइनच्या नळीला हात घालायचा, ढिली हाय म्हणून. मी कप खाली ठेवला. मला पाठीशी घातलं नव्हतं तुम्ही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मग काकूंनी विचारलं. सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "दादा, तुमी हुता की तितं. खरंच सुटली हुती का वो गाठ?"

दार उघडं होतं, अंगणात कुणी नव्हतं. दोन शब्द बोलायचे होते. आणि उस्ताद, माझे पाय परत तसेच झाले, ना पुढं ना मागं. मी म्हणालो, "व्हय काकू. वारंच लई होतं त्या दिवशी. त्यांची काय चूक न्हाय."

त्यांनी मान हलवली आणि मला आणखी चहा विचारला.

हे पत्र काकूंना पाठवावं असं लिहायला बसताना मनात होतं. मग म्हटलं, त्यांना वाचता येत नाही, पाठवून काय उपयोग. पण त्यांची नात बारावीला आहे, चहा तिनंच आणून दिला होता. ती वाचून दाखवेल. मला ते माहीत आहे.