वरच्या खोलीतली पाहुणी

ब्रुज,
गुरुवार, १७ जानेवारी १९८५

प्रिय विल्फ्रीड,

कागदाची काळी किनार बघून घाबरू नकोस. नवीन कोणी गेलेलं नाही. बाबांच्या शोकपत्रांचा अर्धा गठ्ठा उरला आहे, त्यांची मागची बाजू कोरी आहे, आणि चांगला कागद टाकून द्यायची सवय आपल्या घरात कोणालाच नव्हती. पुढची बाजू इतक्यात उलटून बघू नकोस एवढंच.

इथे तू खुशाल असशील असं लिहायची पद्धत आहे. पण तू खुशाल नाहीस हे मला काल कळलं, तेव्हा ते वाक्य गाळते. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात. गाई सातच उरल्या आहेत, आणि दोन-तीन दिवस धारा काढायला शेजारच्या ओमेरला सांगून आले आहे. तो म्हणाला, "मारिएट, तू आणि ब्रुज बघायला? तेही जानेवारीत?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात तुझ्यासारखे लोक येतात, म्हणून आत्ता चालले." त्याला ते पटलं. माणसाला टोमणा मारला की तो पुढचा प्रश्न विचारत नाही.

थंडी कशी आहे ते तुला हॉस्पिटलच्या खिडकीतून दिसतच असेल. लिख्टरवेल्डला गाडी बदलायला उतरले तर फलाटावर श्वास गोठायचा बाकी होता. इथले कालवे पार दगड झाले आहेत. होड्या ताडपत्रीखाली झोपल्यात, आणि नगरपालिकेची दोन माणसं हंसांसाठी पुलाखालचा बर्फ पहारीने फोडत होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आपल्यासाठी कोणी इतकं केलं असतं का रे?" दुसरा म्हणाला, "तू पोहून दाखव, मग बघू."

मी पुलावर बराच वेळ उभी राहिले. बाबांनी आपल्याला एकदा अशाच बर्फात इथे आणलं होतं. तू चौदाचा, मी बाराची. आपला बाप पाण्याला इतका घाबरणारा, पण त्या दिवशी बर्फावर उतरला आणि पुलाखालून चालत पलीकडे गेला. तुझा हात त्यांच्या हातात होता. मी मागून त्यांच्या कोटाचं टोक धरलं होतं. एका हाताला तू होतास, आणि दुसरा हात त्यांनी खिशात घातला होता. ऊब हवी होती त्यांना, बाकी काही नाही. पण माझ्या लक्षात राहिलं ते.

आता मी कुठून लिहिते आहे ते सांगते. तुझ्या घरातून. वरच्या मजल्यावरच्या, बागेकडच्या खोलीतून.

हे ठरवून झालं नाही. प्रेतयात्रेला आलेल्या प्रत्येकाला आभाराचं कार्ड पाठवायचं असतं. लोक चर्चच्या दाराशी तबकात आपलं नावपत्त्याचं कार्ड ठेवून जातात ते त्यासाठीच. एकशे बेचाळीस कार्डं मी डिसेंबरात पाठवली. एक राहिलं. तबकात तुझं कार्ड होतं, परक्या माणसासारखं, नाव, गल्ली, घर नंबर. ते दीड महिना टेबलाच्या खणात पडून होतं. म्हटलं, तुझं आभाराचं कार्ड हातानेच द्यावं.

तर काल दुपारी तुझ्या गल्लीत आले. खिडकीत पाटी, 'खोली मिळेल'. लुटगार्टने ओल्या हातांनी दार उघडलं. तिने मला कधी पाहिलेलं नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. "खोली बघायला आलात ना? आधी आत या बाई, दार उघडं राहिलं की आमचा स्टोव्ह रुसतो." गाडीत मी तीन वाक्यं तयार केली होती. ती तिन्ही दाराबाहेर राहिली. मी हो म्हटलं. नाव विचारलं तर क्लारा देवुल्फ सांगितलं. कुठून सुचलं देव जाणे.

बायको चांगली केलीस. घर लख्ख आहे, सूप दाट आहे, आणि बोलताना ती हात थांबवत नाही. खूप बोलली काल. त्याबद्दल आत्ता नको.

आपल्याकडे नव्या वर्षाला नक्षीच्या साच्यात भाजतात त्या पातळ, कडक बिस्किटांचा, लुकनांचा, डबा मी बरोबर आणला होता. आईच्याच लोखंडी साच्यातली. आज सकाळी कॉफीबरोबर चार तिच्यापुढे ठेवली. तिने एक खाल्लं आणि उरलेली रुमालात बांधली. "आमच्या विल्फ्रीडला नेते. त्याच्या आईसारखी लुकनं जगात कोणाला येत नाहीत असं तीस वर्षं ऐकवतोय मला. आता कळू दे त्याला, येतात म्हणून." आत्ता ती तुझ्याकडेच आली आहे. भेटीची वेळ दोनची.

मी असं ठरवलं आहे की हे पत्र आणि आभाराचं कार्ड उशीखाली ठेवावं आणि उद्या सकाळच्या गाडीने निघून जावं. काळजी घे. गरम राहा.

तुझी,
मारिएट


शुक्रवार, सकाळ

सही केलेलं पत्र पुन्हा उघडायची वेळ आली आहे.

काल अंधार पडायच्या आत लुटगार्ट परत आली. डोक्याचा रुमाल सोडता सोडता म्हणाली, "बाई, तुमचं लुकन त्याने खाल्लंच नाही. हातात धरून नुसतं बघत बसला. उलटं केलं, सुलटं केलं. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाला, वरच्या पाहुणीला विचार, तुमची नजर आता कशी आहे. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? तर म्हणाला, विचार तर खरं." मग माझ्याकडे बघून, "तापात काहीही बोलतो हो. मनावर घेऊ नका."

साच्याचा कोपरा तूच तोडला होतास, आठ वर्षांचा असताना, फरशीवर पाडून. आईने तुला कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पिटाळलं होतं. तेव्हापासून आपल्या घरच्या प्रत्येक लुकनाचा एक कोपरा कोरा असतो, नक्षी उठत नाही. मी पन्नास वर्षं तो कोपरा बघते आहे आणि तो रुमालात बांधून तुझ्याकडे जाताना मला काही सुचलं नाही. की सुचलं होतं, कोण जाणे.

आता परवा लुटगार्ट काय बोलली ते लिहिते.

ती स्वयंपाकघरात तुझ्या पायजम्याची बाही शिवत होती. सुईत दोरा जाईना. "बघता का जरा बाई? माझे डोळे गेले आता." खिडकीतला उजेड संपत आला होता. मी पहिल्याच खेपेला ओवला. आरशाच्या चौकटीत बाबांच्या स्मरणाचं कार्ड खोचलेलं होतं, त्यांच्या फोटोचं, मीच छापून घेतलेलं. मी विचारलं, "हे कोण?"

"सासरे. कधी भेटले नाही त्यांना. शेत नको म्हणून हा घरातून निघाला तेव्हा बापाने दार लावून घेतलं, ते चौतीस वर्षं उघडलं नाही. नोव्हेंबरात गावातल्या कोणीतरी शोकपत्र पाठवलं. त्यात सगळ्यांची नावं होती. मुलगी, पुतणे, भाचे. इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सचंसुद्धा नाव होतं बाई. पोटच्या मुलाचं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ नकोस. तर म्हणतो, नाव घरच्यांच्या बाकावर बसायला लागतं, रांगेत उभं राहायला लागत नाही. तेव्हाच खोकत होता. गेला. गावकऱ्यांच्या रांगेतून शवपेटीपर्यंत गेला, बाहेरच्यासारखा, आणि हे कार्ड घेऊन परत आला."

मी विचारलं, "घरच्यांनी ओळखलं नाही?"

"बहीण पहिल्या बाकावर होती. हा तिच्या समोरून हातभर अंतरावरून गेला. मीही हेच विचारलं. म्हणाला, मारिएटची नजर लहानपणापासून अधू, हातभरावरचं माणूस दिसत नाही तिला, बिचारी." मग तिने दोरा दाताने तोडला. "ते जाऊ दे. त्याला एकच गोष्ट खाते. म्हणतो, बापाने शेवटपर्यंत माझं नाव काढलं नाही. अंगावर पांघरूण ओढून तेवढंच म्हणतो."

ओवलेली सुई मी तिला दिली होती ना, तिच्यासाठी तिने माझे दोनदा आभार मानले.

विल्फ्रीड, माझी नजर चांगली आहे. सत्तावन्न वर्षांची आहे आणि मला चष्मा नाही. मी तुला चर्चच्या दारातच पाहिलं. तुझा कोट खांद्यावर लोंबत होता, इतका तू वाळला होतास. रांग पुढे सरकत होती आणि मी मोजत होते, आता सात माणसं, आता चार. तू समोर आलास, थांबलास. तुझ्या बुटाच्या टाचेजवळ गावच्या रस्त्याचा चिखल लागला होता, तोही मला दिसला. मी मान खाली घातली आणि हातमोज्याचं बटण लावत बसले. बटण लागलेलंच होतं.

पुढचं याहून वाईट आहे. लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण ते तुझं आहे आणि मी दाबून ठेवलं आहे.

बाबांनी तुझं नाव काढलं. शेवटचे चार दिवस त्यांनी दुसरं काही काढलंच नाही. चारची गाडी स्टेशनात शिरल्याचा आवाज आला की उशीवरून मान उचलायचे. "विल्फ्रीड उतरला का?" पहिल्या दिवशी मी म्हटलं, "कळवलंय त्याला." कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आज नाही आला, बाबा." तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी आली, पुन्हा मान उचलली. "उतरला का गं?" मी म्हटलं, "येत नाही म्हणतो."

चौथ्या दिवशी गाडी आली तेव्हा त्यांनी विचारलं नाही. भिंतीकडे तोंड केलं. पहाटे गेले.

तुझं नाव गाळायला त्यांनी सांगितलं नव्हतं. गावात मी तसं सांगितलं, पाद्र्यालाही सांगितलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण म्हातारा हट्टी होता हे जगजाहीर. छापखान्यातल्या माणसाने तेवढं विचारलं, "एकच मूल?" मी हो म्हटलं.

का केलं, ते मी रोज धार काढताना स्वतःला विचारते. चौतीस वर्षं मी तिथे होते. आईचं मी केलं, त्यांचं मी केलं, शेवटी तर डोळ्यांत तेल घालून रात्रंदिवस बसले. त्या चार दिवसांत त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. पाणी मागितलं तेही नुसतं "अगं" म्हणून. जो गेला त्याच्यासाठी मान उचलत होते, आणि उशी सरळ करणारी मी होते. माझ्या मनात आलं, एकदा तरी त्यांना कळू दे, वाट बघूनही कोणी येत नाही म्हणजे काय असतं. कळलं त्यांना. माझ्या तोंडून कळलं, आणि ते खोटं होतं.

बाबांना मी आता काही सांगू शकत नाही. तुला सांगू शकते. परवा तुझ्या स्वयंपाकघरात कळलं की तूही भिंतीकडे तोंड करून पडला आहेस, माझ्याच खोटेपणाच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टर आता लुटगार्टला दिवस सांगत नाहीत, खांद्यावर हात ठेवतात. मी आजची गाडी धरली असती तर तू तसाच गेला असतास. ते मी करणारच होते, हेही तुला माहीत असू दे. उशीखालची जागासुद्धा बघून ठेवली होती.

तुझा निरोप आला नसता तर गेलेच असते. तू मला अधू ठरवून वाचवलंस, बायकोसमोरसुद्धा, आणि मग त्याच गोष्टीचा प्रश्न करून पाठवलास. लहानपणीही असंच करायचास. मी दूध सांडलं की मांजरावर घालायचास आणि नंतर मला एकटीला गाठून विचारायचास, मांजर कोणतं गं?

माफ कर असं लिहिणार होते. तीनदा लिहून खोडलं, तुला खोडलेलं दिसेल. तुझ्याकडे वेळ थोडा आहे, तो माझं समाधान करण्यात घालवू नकोस. एवढंच धरून ठेव: बाबांनी तुझी वाट पाहिली. चारही दिवस. चौथ्या दिवशीसुद्धा गाडीच्या आवाजाला त्यांची पापणी हलली होती. मी पाहिली.

खाली लुटगार्ट बूट चढवते आहे. मघाशी जिन्यातून ओरडली, "क्लाराबाई, मी निघतेय, स्टोव्हकडे लक्ष ठेवाल ना?" आता खाली जाते. आधी तिला माझं नाव सांगेन. तिने हाकलून दिलं तर मागून चालत येईन, हॉस्पिटल काही लांब नाही. हे पत्र मी हातात देईन आणि तू वाचेपर्यंत खाटेपासून हातभर अंतरावर उभी राहीन. या वेळी मान खाली घालणार नाही.

आता कागद उलट. छापलेल्या यादीत माझं नाव पहिलं आहे. त्याच्या वर, किनारीला चिकटून, शाईने तुमचं लिहिलं आहे. जागा कमी होती, म्हणून अक्षर बारीक आलं. एकही अक्षर किनारीत गेलेलं नाही.

थोरला मुलगा विल्फ्रीड आणि त्याची पत्नी लुटगार्ट.

आणि त्यांच्या खाली, जिला सगळं दिसत होतं ती तुझी धाकटी बहीण,

मारिएट