गेटावरचा फ्लेक्स

मंगळवार, संध्याकाळ, होस्टेल

कॉलेजच्या कबड्डी संघातून माझं नाव काढलं. कारण काय, तर मागच्या सत्रात एका विषयात नापास. नापास का, तर त्या दिवशी मी पेपरला नव्हते. आणि पेपरला का नव्हते, ते गेटावर लावलंय की. भला मोठा फ्लेक्स. वर प्राचार्यांचा फोटो, खाली कोपऱ्यात चषक धरलेली मी. त्याच दिवशीची.

ऑफिसातल्या क्लार्कनी विचारलं, "त्या दिवशी कुठं गेलतीस?" मी खिडकीतून फ्लेक्स दाखवला. त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा. "खरं हाय गं तुझं. पण नियमात नापास म्हंजे नापास. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी? माझं हे शेवटचं वर्ष आहे.

खेळायला नेताना सर म्हणाले होते, पेपरचं आम्ही बघतो. कुणी बघितलं? मी लिहून घ्यायला पाहिजे होतं का?

रडू नाही आलं. राग आला, तोही कुणावर काढायचा कळेना.

तेवढ्यात नेसरीहून आण्णांचा फोन. त्यांना अजून काहीच माहीत नाही. "पोरी, तो फ्लेक्स काढला की मागून घे. पावसाचं वैरणीच्या गंजीवर झाकाय हुतंय."

व्हय म्हटलं. गावात सगळेच घालतात, छापलेली बाजू खाली करून.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आपण मातूर फोटो वर करून घालूया. रस्त्यानं जाणाऱ्यास्नी दिसू दे, आमची पोरगी खेळती."