पाचच्या धारेची गोळी

३ ऑगस्ट, रवि.
गडमुडशिंगीला आईकडं जाऊन आले. आईच्या उशाखाली परत डायक्लो, गुडघेदुखीची ती कडक गोळी! मागं ह्याच गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त गेलं, दवाखान्यात पडली होती, तरी. डॉक्टरांनी तिच्याऐवजी दिलेलं सेलेकॉक्सिब कपाटात जसंच्या तसं. डोकंच फिरलं. म्हणे, "तुझ्या गोळीला गुण न्हाय."

४ ऑगस्ट, सोम.
कॉलेजात आज नेमका हाच धडा. फार्मसीच्या पोरांना फळ्यावर दोन एन्झाइमं काढून दाखवली. एक पोटाचं अस्तर राखणारं, दुसरं सूज आणणारं. आयबुप्रोफेन दोन्हींना अडवतं, पण चटकन लागू पडतं. सेलेकॉक्सिब मुख्यतः दुसऱ्यालाच अडवतं, म्हणून पोटाला त्यातल्या त्यात बरं. उतार पडायला वेळ लागतो. डायक्लो मधे कुठंतरी, त्यातली पोटॅशियमवाली झटपट. बी.पी., किडनीला धोका सगळ्यांचाच. पोरांनी मुकाट उतरवून घेतलं. घरातली एक बाई ऐकेल तर शपथ.

५ ऑ.
गावातल्या औषधाच्या दुकानदाराला फोन. चिठ्ठीशिवाय देतोसच कशी? तर म्हणे मावशी मागतात, नाही कसं म्हणू. तोंडाला येईल ते बोलले. बोलायलाच हवं होतं.

७ ऑ.
आईशी भांडण. शेवटी खरं बोलली. पहाटे पाचला गुडघा वाकत नाही, म्हशीखाली बसता येत नाही. "तुझी गोळी लागू पडस्तवर म्हस पान्हा चोरती की." दादा का काढत नाही धार? त्याला म्हैस जवळ येऊ देत नाही म्हणे. ह्यानं कधी प्रयत्न केलाय? दूध प्यायला तेवढा पुढं.
डॉक्टरांना विचारलं. सेलेकॉक्सिब रात्री जेवून घेऊ दे म्हणाले, पहाटेपर्यंत गुडघा मोकळा होईल. आई बरं म्हणाली. इतक्या पटकन?

१२ ऑ.
आई खूश. धार वेळेवर, गुडघा हलका. वर्गात उदाहरण म्हणून सांगायचा विचार आहे.

१४ ऑ., संध्याकाळ
आईचा फोन. पोटात आग, उभं राहिलं की चक्कर. कुठली गोळी घेतेस विचारलं.
"दोन्ही. तुझी रातीला, माझी पाटंला. तुझंबी मन राखाय नको व्हय?"
माझं मन! दोन्ही बंद कर म्हटलं. शी काळी होते का? म्हणजे आत रक्त जातंय.
"काय दिसतंय? संडासातला बल्ब गेलाय कवाचा. दादाला सांगितलंय."
दादा फोन उचलत नाही. रिक्षा बोलावलीय, गावी जाऊन तिला थेट दवाखान्यात नेते. "आन सकाळची धार?" म्हणाली. म्हैस आटली तर आटू दे.