लाल रेषेचा कोन

३ फेब्रुवारी

दोन महिने पानं कोरी. चूक माझीच. पण तक्रार काही नव्हती – अणुभौतिकी शिकवायला घेतली की मला दुसरं काही सुचत नाही. दिवस छान गेले!

आज प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासल्या. हायड्रोजनच्या दिव्याचा प्रकाश बारीक रेषा आखलेल्या काचेतून, म्हणजे ग्रेटिंगमधून, पाहायचा; लाल रेषेचा कोन मोजून तरंगलांबी काढायची. अडतीस वह्या. सदतीस उत्तरं पुस्तकातली – ६५६ नॅनोमीटर. एकीचं ५४७! म्हणजे लाल रेषा हिरव्याच्या जागी. वर्ग तिला ‘वकीलबाई’ म्हणतो. ‘डोळे तपासून घ्या’ असा शेरा मारला, नापास केलं. आता तिला परीक्षेला बसता येणार नाही. शुक्रवारी गुण पाठवायचे.

४ फेब्रुवारी

वकीलबाई चष्म्याच्या दुकानातली चिठ्ठी घेऊन हजर! “तपासून आणले, मॅडम. नंबर नाही.” वर्ग खो खो हसला, मीही. मग म्हणाली, “तीनदा मोजलं. तीनदा एकोणीसच अंश आले.”

तीनदा? चुकायचंच तर तीनदा तेच कसं येईल?

५ फेब्रुवारी

तास संपल्यावर स्वतः बसले. दुर्बिणीत ती लाल रेषा – वीस वर्षं झाली, अजून जीव हरखतो. कोन एकोणीस. पुन्हा एकोणीस.

प्रयोगशाळेचे मामा किल्ल्या वाजवत उभे. “ती काच होय? मे महिन्यात फुटली की माझ्या हातून. कपाटातली दुसरी बसवली. चौकट जुनीच ठेवली, धडधाकट होती.”

चौकटीवर लिहिलंय – मिलिमीटरला सहाशे रेषा. काचेच्या कडेला मात्र बारीक आकडा – पाचशे! पाचशे धरून गणित केलं. ६५६.

पोरीला पैकीच्या पैकी दिले. घरी यांना रंगवून सांगत होते. हे म्हणाले, “मग बाकीच्या सदतीस जणांचं बरोबर कसं आलं?”

सकाळी आधी त्या सदतीस वह्या उघडायच्या.

६ फेब्रुवारी

सदतीस वह्यांत कोन एकच – तेवीस अंश. वर्गात विचारलं, “मोजलात?” एकजण पुटपुटला, “तुमच्या नमुना वहीतून घेतला, मॅडम.”

वही काढली. जुलै. काच बदलून दोन महिने झालेले, म्हणजे यायला हवे होते एकोणीस. माझं अक्षर: तेवीस अंश. आणि मोजल्याचं मला अगदी स्पष्ट आठवतंय.

उद्या – गुण पाठवण्याआधी ते पान वर्गात वाचून दाखवायचं.