आभाळ आलं की बटण बंद

२१ एप्रिल
मंगळवार, सुट्टी. कपाटावरचा खोका शेवटी खाली काढला. महेशनं दिवाळीत मागवलेला वायफायचा डबा. आत हार्ड डिस्कही आहे, म्हणजे घराला नेट देतो आणि लॅपटॉपमधलं सगळं आपलं आपण उतरवून ठेवतो. खोका गुरुवारी आला. शनिवारी महेश हायवेवरच्या अपघातात गेला. तेव्हापासून साडेपाच महिने खोका कपाटावर आणि मी खाली. झाडायला म्हणून हात वर न्यायचे आणि तसाच खाली आणायचे.

आज काढला कारण म.चा लॅपटॉप कट-कट वाजायला लागलाय. नितीनदादाला (भाऊ, नाशिकला) फोनवरून आवाज ऐकवला. म्हणाला, "वैशू, डिस्क चाललीय त्याची. लगेच सगळं दुसरीकडं घे. नाहीतर दुकानात दे." दुकानात देणार नाही. पेनड्राइव्हच्या दोन्ही खाचा केव्हाच मेल्यात. राहता राहिला हा डबा.

दुपार त्यात गेली. फोनवर ॲप घ्या, हिरव्या दिव्याची वाट बघा, मग नेटवर्कला नाव द्या. म.नं नावावरच दोन तास घालवले असते. मी 'भिर्रर्र' टाकलं. शर्यतीत बैलगाडा सुटला की माईकवर तो हेच ओरडायचा.

आबा, म्हणजे सासरे, उंबऱ्यात बसून बघत होते. "ह्या डब्यात काय ऱ्हातंय?"
म्हटलं, "महेशचा आवाज ठेवायचाय ह्यात. आता हा जपायचा."
उठले, उपरण्यानं डबा पुसला. आधीच नवा कोरा होता.

२३ एप्रिल
हॉटेलात, जेवणाच्या सुट्टीत. रिसेप्शनला मी एकटी. लोणावळ्यात सीझन, सगळ्यांना धरणाकडं बघणारी खोली हवी. धरण हॉटेलपासून तीन किलोमीटर.

स्वतःसाठी लिहून ठेवते, लॅपटॉपवर काय आहे ते. दोन फोल्डर. एक 'घाट', म्हणजे बैलगाडे पळतात ती धावपट्टी. सहा वर्षांच्या जत्रा. बैलगाड्यांच्या शर्यतीत म. माईकवर बोलायचा, तेव्हा स्पीकरवाल्याकडून वायर घेऊन सगळं भरून आणायचा. लोकांच्या मोबाईलवर क्लिपा आहेत, पण त्यात बैल आणि धुरळा. आवाज त्याचा की शेजारच्याचा कळत नाही. त्याचा स्वतःचा फोन हायवेवरच चुरा झाला.

दुसरं फोल्डर 'घर'. सराव. स्टीलचा पेला तोंडाला लावून घरभर हिंडायचा. "आली आली आली, बेडशाच्या वैशालीची भाकरी तव्यावर आलीऽऽ, फुगली, फुगली, करपलीऽऽ!" मी लाटणं घेऊन मागं. तेही त्यात भरलेलं आहे, मी त्याला काय काय म्हणाले ते.

तो गेल्यापासून एकदाही लावलं नाही. ऐकवत नाही. पण आहे, हे माहीत असलं की झोप लागते.

२४ एप्रिल
बॅकअप १८ टक्के. "अंदाजे दोन दिवस बाकी." लॅपटॉप जुना, डिस्क आजारी, त्यामुळे गोगलगाय. चालू दे. दिवा हिरवा आहे.

२६ एप्रिल
कामावरून आले तर ४ टक्के. काल ३१ होते! खाली ओळ: पहिला बॅकअप पूर्ण झाला नाही, पुन्हा सुरू करत आहे.
दिवा मात्र हिरवा. डब्याचं सगळं उत्तम चाललंय म्हणे.
आबांना विचारलं, "लाइट गेली होती का दुपारी?"
"न्हाई. लाइट हाय की."

२८ एप्रिल
सुट्टी. दिवसभर समोर बसून राहिले, म्हणजे तापलेल्या पोरापाशी बसतात तशी. ४१ पर्यंत गेला. आभाळ स्वच्छ, ऊन कडक. आबा दोनदा विचारून गेले, "निम्मा आला का?" म्हटलं निम्म्याला थोडा कमी. "मंग कुटवर आला आसंल? घाटात हाय का घरात?" त्यांना दोन्ही फोल्डरची नावं पाठ. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

२९ एप्रिल
७ टक्के. डबा उचलून भिंतीवर आपटावासा वाटला.
हेल्पलाइन. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग बाई: "मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघता का?" मी म्हटलं, बाई, मी चालूच ठेवायला बघतेय.
दादा म्हणतो, मध्येच संपर्क तुटतोय. डबा लॅपटॉपजवळ ठेव. ठेवला. फळीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी.

२ मे
काल ३८, आज १२. लॅपटॉपचा आवाज आता स्वयंपाकघरापर्यंत येतो. दादा ओरडला, "दर वेळी पहिल्यापासून वाचायला लावतेस, डिस्क मरेल तशानं. दे दुकानात!" म्हटलं, देते. दिला नाही. अनोळखी माणूस त्याचा आवाज कानाला लावून तपासणार, चालतंय का बघायला. नको.
रोज दुपारी चारच्या पुढं ढग येतात, वळवाचे. गडगड फार, पाऊस थोडा.

५ मे
सुट्टी, पण सीझन म्हणून बोलावून घेतलं. आल्यावर ९ टक्के. मी वेडी झालेय किंवा डबा.
मनात येतं, म.लाच नकोय. असले विचार यायला लागलेत. मी शिकलेली बाई.

७ मे
लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

हॉटेलजवळ झाड पडलं, वीज गेली, मॅनेजरनं दुपारीच सोडलं. तीनची लोकल, कामशेतला उतरून गाडीवर बेडशाला, घरी. डोंगरावर आभाळ काळं झालेलं. पाऊस नाही, नुसती लांबवर गडगड.

दारातून बघते तर आबा. पायात रबरी चप्पल, घरात, देव्हाऱ्यासमोर, चप्पल. जे आयुष्यात अंगणातली चप्पल उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. पाटावर चढून बोर्डाचं बटण बंद करत होते. केलं, डब्याची पिन ओढून काढली, आणि मोठ्यानं म्हणाले, "बंद केलं रे म्हेश."

लॅपटॉपवर ५२ टक्के होते. एवढे कधीच झाले नव्हते.

मी काय ओरडले ते सगळं आठवत नाही. एक आठवतं. "आबा, तुम्ही त्याला दुसऱ्यांदा मारलंत."

ते पाटावरून उतरले. चप्पल काढून हातात धरली. "आगं, त्यानंच सांगितलंय मला. आभाळ आलं की बटान बंद, पाऊस गेला की चालू. तू म्हन्लीस डबा जपायचा, त्यात त्याचा आवाज हाय. मी लांब गडगडलं तरी बंद करत व्हतो."

रोज. मी यायच्या आत परत चालू. म्हणून दिवा हिरवा.

पिन लावली. लॅपटॉप कट-कट-कट, मग गप्प. निळा पडदा. मग काळा. आता वाजतही नाही.

८ मे
कामाला गेले. माणसांशी बोलले, किल्ल्या दिल्या. आबा काल जेवले नाहीत. मीही विचारलं नाही.

१० मे
आबा बोर्डाकडं फिरकत नाहीत. काल संध्याकाळी पंख्याचं बटणसुद्धा दाबलं नाही, घामाघूम बसून राहिले. मी लावला.

आज भांडी घासताना आठवलं. गेल्या वर्षी वैशाखात वीज पडली आणि जुना मोडेम जळाला. घरी आबा एकटे होते. मी म.शी कचाकचा भांडले. "तुझ्या वडलांना एक बटण बंद करता येत नाही? सांगून ठेव त्यांना. नीट, चार वेळा सांग. रबरी चप्पल घालायला सांग, नाहीतर शॉक लागेल." म. म्हणाला, अगं म्हातारा माणूस आहे. मी म्हटलं, म्हणूनच चार वेळा सांग.

त्यानं सांगितलं. त्यांनी पाळलं. बटणाचा हुकूम माझाच होता.

आबांना सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "चहा करू का?" ते म्हणाले, "न्हाई नको."

१२ मे
लोणावळ्याच्या बाजारपेठेमागं एक दुरुस्तीवाला आहे, गेलेल्या डिस्कमधून माल काढतो. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. लॅपटॉप दिला, डबाही दिला. त्याला आधीच सांगून टाकलं की यात माझ्या नवऱ्याचा आवाज आहे, तपासायला फार ऐकू नका. तो म्हणाला, "ताई, मी नाव बघतो, साइज बघतो. ऐकत नाही." उगाच एवढे दिवस घाबरले. पहिल्याच दिवशी दिला असता तर.
डब्यातला अर्धवट बॅकअप उघडत नाही. पूर्ण झाल्याशिवाय त्याला कुलूप असतं, म्हणाला.
डबा त्यानं परत दिला. ओढणीत गुंडाळून आणला आणि जागेवर लावला. दिवा हिरवा. आत काही नाही.

१५ मे
दुरुस्तीवाल्याचा फोन, रिसेप्शनवर असताना. डिस्क थोडा वेळ जागी होते, मग परत मरते. "एखादं फोल्डर निघेल. कदाचित अर्धं. दुसऱ्याची खात्री देत नाही. कोणतं आधी घेऊ ते मंगळवारपर्यंत सांगा."
समोर पाहुणे, खोली हवी म्हणून उभे. मी त्यांना विचारलं, "कोणतं आधी?"

मला 'घर' हवंय. पण 'घाट' आबांचं आहे. सहाही वर्षं पुढच्या रांगेत बसले, टोपी सारखी करत. लोक म्हणायचे, आबा, पोरगं काय बोलतंय! त्या दिवशी मी जे बोलले त्यानंतर तेही त्यांच्याकडून घ्यायचं?

१७ मे
आज विचारलं. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले. दोन फोल्डर, एकच निघेल, तुम्ही सांगा. मी तर 'घाट' म्हणायची तयारी करून गेले होते.

ते म्हणाले, "घाटातलं ऱ्हाऊ दी. तितं त्यो समद्या गावाचा व्हता. घरातलं काढ."
म्हटलं, "आबा, माझ्यासाठी म्हणू नका."
"तुज्यासाठी न्हाई." उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. "घरात त्यो पेला लावून बोलायचा, तवा ते बटनाचं बी बोलला व्हता. चार येळा. त्यात भरलं आसंल. तुला ऐकाया मिळंल. मी माज्या मनानं न्हाई केलं पोरी."

दहा दिवस हा माणूस हे घेऊन बसला होता. मला वाटत होतं ते रागावलेत.

मी रडले, त्यांच्यासमोर, मोठ्यानं. सांगितलं, "आबा, मला माहितीय. त्याला तुम्हाला सांगायला मीच लावलं होतं. चार वेळा सांग, असं मीच म्हणाले होते."
त्यांनी बोटाचं उपरणं सोडलं.
"चपलीचं बी तूच?"
"हो."
"मला वाटलं त्यालाच माजी काळजी."
मग म्हणाले, "भाकरी टाक. भूक लागलीय."

१९ मे
मंगळवार. लोणावळ्याला जाऊन चिठ्ठी दिली. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण माझ्या हातानं द्यायची होती. आधी 'घर'. खाली लिहिलं, जमलं तर 'घाट'ही. दुरुस्तीवाला म्हणाला, आज दुपारी लावतो, निघालं तर संध्याकाळी फोन करतो, नाही निघालं तरी करतो.

चारला घरी. फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेय, तिथूनच लिहितेय. डोंगराकडून ढग आले. आबा भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी आभाळाकडं बघितलं, बोर्डाकडं बघितलं, आणि मान खाली घातली. डब्याचा दिवा हिरवा. रिकाम्या डब्याचं जळून काय जळणार.

गडगडलं. जवळच.

म्हटलं, "आबा, आभाळ आलंय."
हलले नाहीत.
"सांगितलंय ना तुम्हाला?"
हळूहळू उठले. अंगणात गेले, रबरी चप्पल घालून आत आले, देव्हाऱ्यासमोरून. मी पाट सरकवून दिला आणि धरून ठेवला. बटण बंद केलं, पिन काढली. आणि पाटावर तसेच उभे राहिले. पुढचं म्हणेनात.

मग मीच म्हटलं, मोठ्यानं, "बंद केलं रे महेश."

पाऊस आलाय. फोन अजून नाही.