साडेतीनशे तास

प्रिय नूतन,

सुरतेत, उधना-डिंडोलीत राहणाऱ्या आपल्या माणसांची एक तक्रार तुझीही आहे आणि माझीही: काम आपलं, नाव दुसऱ्याचं. लूमवर तेच, रंगाईत तेच, आपल्या प्रयोगशाळेतही तेच. म्हणून तुझ्या अहवालाचा मसुदा तयार झाला तेव्हा मी आपल्या समाजमंडळाच्या सभेत अर्धा तास बोललो. नळाच्या गॅसमधून हायड्रोजन काढताना निकेलचे जे उत्प्रेरक दाणे गॅसमधल्या गंधकाने आठ दिवसांत मरायचे, त्यांत आमच्या पोरीने जरासं सेरियम मिसळलं आणि ते साडेतीनशे तास, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस टिकले. टाळ्या थांबेनात. तुझी आई पदराने डोळे पुसत होती. एक गोष्ट मात्र मी त्या सभेत सांगितली नाही.

दिवाळीत तुझ्या दाण्यांची चाचणी लागली तेव्हा अर्धी सुरत गावाला गेलेली, गिरण्या बंद, तूही अमळनेरला. भट्टीजवळ मी एकटा. निघताना तू टोमणा मारलास, भाऊ, तू नुसता बोलस, वही कवय लिखशी? वही कधी लिहिणार, हे मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी नळाचा गॅस बंद झाला. भट्टी थंड पडली असती तर तुझी चार महिन्यांची मेहनत गेली असती. मी शुद्ध मिथेनची बाटली जोडली. दोन दिवसांनी गॅस परत आला, पण सगळं सुरळीत चाललंय तर हात कशाला लावायचा, म्हणून शेवटपर्यंत बाटल्याच बदलत राहिलो. वहीत मात्र रोज नळाचा गॅसच लिहिला. सवयीने.

बाटलीत गंधक नसतं, नूतन. ज्याला तोंड देऊन तुझे दाणे टिकले असं आपण सांगतोय, ते त्यांना तीनच दिवस भेटलं. कदाचित तुझे दाणे खरोखर चांगले असतील. पण ते आज ना तुला माहीत, ना मला.

सोमवारी तू सही केलीस की कामरेजच्या प्लांटमध्ये दोन टन दाणे भरले जातील. ते महिन्यात मेले, तर डिंडोलीच्या पोरीने खोटं लिहिलं असंच लोक म्हणतील. या कुंदनला कोण विचारतो? जन्मभर दुसऱ्यांच्या लबाडीवर बोललो, आणि स्वतःचं हे तुझ्यासमोर सांगायला जीभ उचलली नाही, म्हणून लिहितोय. नोकरी जायची असेल तर माझी जाऊ दे. तू सोमवारी त्या अहवालावर सही करू नकोस.

तुझाच,
कुंदनभाऊ